सुरतेच्या कबरींमागची घराणी

सुरतेत कतारगाम दरवाज्याच्या बाजूला इंग्रज, डच आणि आर्मेनियन लोकांच्या जुन्या दफनभूमी आहेत. इंग्रज आणि डचांची थडगी घुमटांची, खांबांची, लांबून नजरेत भरणारी. आर्मेनियनांची बहुतेक जमिनीसरशी आडव्या शिळांची. पण यांतला सर्वांत जुना आवाज त्या आडव्या शिळांचाच आहे. कलकत्त्याचे आर्मेनियन इतिहासकार मेस्रोब जेकब सेठ यांनी सुरतेच्या एका लेखाचे वाचन प्रसिद्ध केले. तो लेख मारिनास नावाच्या स्त्रीचा. ती वोस्कान नावाच्या धर्मगुरूची पत्नी. बायबलातल्या नीतिसूत्रांत म्हटल्याप्रमाणे ती नवऱ्याच्या डोक्यावरचा मुकुट होती, तिच्या जाण्याने त्या निष्ठावंत पतीचा जीव पोळला, असे तो दगड सांगतो. वय 53. साल आर्मेनियन शकाचे 1028.

आर्मेनियन शकात 551 मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे हे 1579 साल. अकबराने सुरत घेऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती. इंग्रजांचे पहिले जहाज सुरतेच्या बंदराला लागायला अजून 29 वर्षे होती आणि शिवाजी महाराजांच्या जन्माला पन्नासहून अधिक.

या चार ओळींतून केवढे तरी हाती लागते. आर्मेनियन चर्चमध्ये मठात राहणारे संन्यस्त धर्मगुरू असतात आणि वस्तीत राहून लोकांचे बारसे-लग्न-अंत्यविधी करणारे संसारी धर्मगुरूही असतात. वोस्कान संसारी होता. व्यापारी एकटा येतो, माल विकतो, निघून जातो. त्याला धर्मगुरू लागत नाही. बायकोला घेऊन राहणारा धर्मगुरू जिथे आहे तिथे त्याला बोलावणारी घरे असणार, त्या घरांत जन्म आणि मृत्यू होत असणार. माझा हा तर्क आहे, पण दगडाने तो करण्याइतका आधार दिला आहे. सुरतेतली आर्मेनियन वस्ती म्हणजे 1579 सालीच घरादारांची वस्ती होती, आणि हे आपल्याला कुठल्या बादशाही फर्मानातून कळत नाही, एका पत्नीच्या कबरीवरून कळते.

जुन्या कबरींचे लेख वाचताना पहिली अडचण येते ती तारखांचीच. आर्मेनियनांचा हा मोठा शक. शिवाय इराणातल्या जुल्फा शहरच्या व्यापाऱ्यांनी चालवलेला, 1616 पासून मोजला जाणारा दुसरा, छोटा शक. इंग्रज 1752 पर्यंत जुनी ज्युलियन कालगणना धरून बसले होते आणि त्यांचे सरकारी वर्ष 25 मार्चला सुरू होई. हॉलंडने नवी ग्रेगोरियन गणना सोळाव्या शतकातच घेतलेली. त्यामुळे सतराव्या शतकात सुरतेत एकाच दिवशी इंग्रज वखारीतल्या कारकुनाची तारीख डच वखारीपेक्षा दहा दिवस मागे असे, आणि मोगल कचेरीत हिजरी सन चालू असे. महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी आपण जानेवारी 1664 मधली म्हणतो. त्या वेळच्या इंग्रजी कागदांत तो जानेवारी 1663 चा आहे, कारण त्यांचे नवे वर्ष अजून उगवायचे होते. कबरीवर जानेवारी ते मार्चमधली तारीख आणि 1752 पूर्वीचे साल दिसले की ते एका वर्षाने तपासून घ्यावे. घराण्याचा वंशवृक्ष लावताना या एका वर्षाने मुलगा आईबापांच्या लग्नाआधी जन्मल्याचे प्रकार होतात.

इंग्रजांच्या दफनभूमीत सर्वांत भव्य इमारत आहे ती ऑक्सेंडन बंधूंची. सुमारे 40 फूट उंचीची, जाड खांबांवर एकावर एक असे दोन घुमट तोललेली, जिना चढून वरच्या सज्जात जाता येईल अशी. तिची घडण इंग्लंडातल्या चर्चच्या आवारातली नाही, गुजरातेतल्या सुलतानी आणि मोगल कबरींची आहे. या शहरात मोठ्या माणसाची कबर कशी असते ते इंग्रजांनी पाहिले होते, आणि आपणही मोठे आहोत हे शहराला त्याच्याच भाषेत सांगितले होते. लेख मात्र लॅटिनमध्ये. तो शहरासाठी नव्हता. तो कंपनीच्या शिकलेल्या माणसांसाठी होता.

त्या लेखाची सुरुवातच वाचकाला हाक मारून होते. वाचका, ही एवढी मोठी इमारत कशासाठी म्हणून विचारतोस? तर ऐक, इथे दोन भाऊ आहेत, भावांमध्ये भाऊ म्हणावेत असे. धाकटेपणा-मोठेपणा, हुद्दे हे सगळे नंतर येते. आधी नाते येते.

त्यांतला ख्रिस्तोफर 1659 मध्ये वारला. त्याच्यावरच्या ओळी मला सबंध हिंदुस्थानातल्या परकीय कबरींवरच्या लेखनात सर्वांत हृद्य वाटतात, कारण त्या व्यापाऱ्याच्या मृत्यूवर व्यापाऱ्याच्या भाषेत लिहिल्या आहेत. तो आला आणि गेला. त्याचे उद्योग आणि त्याचा प्राण इथेच संपले. त्याला आपल्या वहीत दिवसच मांडता आले, वर्षे मांडता आली नाहीत, कारण मृत्यूने अचानक येऊन हिशेब मागितला. मालकहो, तुमचा नफा किती आणि तोटा किती विचारता? तुमचा एक नोकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा जीव गेला. पण वहीच्या दुसऱ्या पानावर तो लिहू शकतो की मरण हाच मला लाभ. हा आशय लॅटिन शोकलेखाचा असला तरी रोजकीर्द आणि खतावणी भरणाऱ्या कुणाही पेढीवाल्याला तो अनुवादाशिवाय पोहोचेल. आणि त्या ओळींतला क्रम पाहा. कंपनीचा तोटा आधी मांडला आहे. कंपनीच्या नोकराचे आयुष्य कोणाच्या मालकीचे होते, हे शोक करतानाही सुटलेले नाही.

दुसरा भाऊ सर जॉर्ज. सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष, आणि 1668 मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट वर्षाला दहा पौंड खंडावर कंपनीला दिले तेव्हा कंपनीतर्फे मुंबईचा पहिला गव्हर्नर. 14 जुलै 1669 रोजी तो सुरतेत वारला. मराठी वाचकाला तो वेगळ्या कारणाने माहीत असतो. जानेवारी 1664 मध्ये महाराज सुरतेवर चालून आले, मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, तेव्हा इंग्रज वखारीचे दरवाजे लावून आत माणसे उभी करणारा तो हाच. औरंगजेबाने त्याबद्दल खिलत आणि जकातीत सूट दिली. कंपनीने सोन्याचे पदक पाठवले.

हे झाले दोघांपुरते. दगडावर तेवढेच आहे. घराणे शोधायचे तर दगडाकडून कागदाकडे जावे लागते: गावच्या चर्चमधली नामकरणाची वही, मृत्युपत्रे, घरची पत्रे. ऑक्सेंडन हे इंग्लंडच्या केंट परगण्यातले घराणे. बाप सर जेम्स. (आडनाव कधी ऑक्सेंडन, कधी ऑक्सिंडन असे लिहिलेले सापडते, त्या काळी स्पेलिंग ठरलेले नव्हते, आणि वेगळे स्पेलिंग म्हणजे वेगळे घराणे समजून शोध सोडून देणारे बरेच असतात.) सर जॉर्जचा प्रचंड पत्रव्यवहार ब्रिटिश लायब्ररीत जपलेला आहे, आणि तो उघडला की थडग्यावर नसलेली माणसे एकेक करून समोर येतात.

त्यांत पहिली त्याची बहीण एलिझाबेथ डॅलिसन. भाऊ सुरतेत असताना त्याचे लंडनमधले व्यवहार ती पाहत होती. कंपनीच्या नोकरांना पगारापेक्षा खासगी व्यापारावर जास्त मिळे, आणि त्या व्यापाराला लंडनमध्ये विश्वासाचे माणूस लागे. माल उतरवून घेणे, पैसे गुंतवणे, कंपनीच्या संचालकांपैकी कोण आपल्या बाजूचा आणि कोण विरुद्ध याची खबर भावाला कळवणे, हे या बाईचे काम. पत्राला जायला-यायला दीड-दोन वर्षे लागत, तेव्हा विचारून काही करता येत नसे. निर्णय तिचे तिलाच घ्यावे लागत. सुरतेच्या त्या घुमटाखालच्या ऐश्वर्यात या बहिणीचा वाटा आहे. तिथे तिचे नाव नाही.

दुसरी बहीण ॲन. तिचे लग्न मास्टर घराण्यात झाले आणि तिचा मुलगा स्ट्रेनशॅम मास्टर कोवळ्या वयातच, 1656 मध्ये, जॉर्जमामाबरोबर सुरतेला आला. मामा वारल्यावरही तो इथेच होता. ऑक्टोबर 1670 मध्ये महाराजांनी सुरतेवर दुसरी स्वारी केली तेव्हा इंग्रज वखारीच्या बचावाची जबाबदारी या भाच्यावर होती. पुढे तो मद्रासचा गव्हर्नर झाला आणि तिथले सेंट मेरीज चर्च, जे हिंदुस्थानातले सर्वांत जुने अँग्लिकन चर्च मानले जाते, त्याच्याच कारकिर्दीत उभे राहिले.

आणि तिसरा हेन्री ऑक्सेंडन. जून 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा मुंबईहून नजराणे घेऊन गेलेला, दुभाषा नारायण शेणवी याला सोबत घेऊन तहाची कलमे ठरवणारा इंग्रज वकील तो हाच. सिंहासनाशेजारच्या भाल्यांवर लावलेले सोन्याचे मासे, अश्वपुच्छे, सोन्याचा तराजू हे सारे त्याने पाहून लिहून ठेवले. राज्याभिषेकावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याकडे जावेच लागते.

दहा वर्षांत एकाच घराण्यातली तीन माणसे महाराजांसमोर आली. दोघे बंद दारांमागून, तिसरा हात जोडून नजराणा घेऊन. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ती वेगवेगळ्या प्रकरणांत, वेगवेगळी माणसे म्हणून येतात. मास्टर आणि ऑक्सेंडन ही आडनावे वेगळी, म्हणून 1664 आणि 1670 यांच्यामधला मामा-भाच्याचा धागा नजरेतून सुटतो. हा धागा ॲनमधून जातो, म्हणजे घराण्यातल्या अशा व्यक्तीमधून, जिचे नाव हिंदुस्थानातल्या कुठल्याही दगडावर नाही. घराण्यांचा शोध घेणाऱ्याने बायकांची माहेरची आडनावे आधी गोळा करावीत असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कंपनी ही पुष्कळदा मामा-भाचे, भाऊ-भाऊ, मेहुणे-मेहुणे यांचीच होती.

बायका दगडावर येतात त्या बहुधा कुणाची तरी पत्नी म्हणून. मेरी प्राइस ही अशीच. 13 एप्रिल 1761 रोजी ती देवीच्या रोगाने वारली, वय 23. लेख म्हणतो की देवीच्या डागांच्या पडद्यातून तिने आपला निष्कलंक आत्मा देवाच्या हवाली केला. मृत्यूची ती वाट पाहत होती, पण त्याला भ्याली नाही. हे लिहिणाऱ्याने तिचा चेहरा शेवटच्या दिवसांत पाहिला असावा. तिच्या नवऱ्याची पदवी मात्र भली लांब आहे: सुरतेतल्या इंग्रजांचा प्रमुख, मोगलांच्या किल्ल्याचा आणि आरमाराचा गव्हर्नर. इंग्रजांनी सुरतेचा किल्ला 1759 मध्ये घेतला, त्यानंतरची ही पदवी. हाच विल्यम अँड्र्यू प्राइस त्याच 1759 साली इंग्रजांचा वकील म्हणून पुण्याला पेशव्यांकडे गेला होता. पुण्याच्या दफ्तरांतून आणि मुंबईच्या कागदांतून तो सहज सापडतो. मेरी त्या एका दगडावरच सापडते. तिच्या मृत्यूनंतर 41 वर्षांनी, जून 1802 मध्ये, मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली देवीची लस टोचली गेली.

वयाबद्दलही एक सावधगिरी हवी. लॅटिन वळणाने लिहिलेले वय पुष्कळदा चालू वर्ष असते. आपल्याकडे 'तेविसावं लागलं' म्हणतात तसे. पुरी झालेली वर्षे त्याहून एकाने कमी.

सुरतेतले इंग्रज एकेकटे येत आणि एकेकटे मरत. मुंबईबद्दल तर त्या काळी म्हण होती की माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे. त्यामुळे त्यांच्या कबरी व्यक्तीच्या आहेत. दोन भाऊ एका छताखाली हे अपवादाने. याउलट वसईच्या किल्ल्यात पडक्या चर्चच्या फरशीत बसवलेल्या पोर्तुगीज शिळा पाहाव्यात. त्यांवर ठरलेला मजकूर असतो: ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची. म्हणजे चर्चमधली ती जागा घराण्याने घेतलेली, पुढच्या पिढ्यांसकट. वसईतले पोर्तुगीज इथे लग्ने करून, गावांची उत्पन्ने घेऊन राहिले होते, आणि आपले नातू-पणतूही याच फरशीखाली येणार हे त्यांनी धरूनच चालले होते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि ते वारस पांगले. जोसेफ गर्सन द कुन्हा या मूळच्या गोव्याच्या, मुंबईत वैद्यकी करणाऱ्या विद्वानाने 1876 मध्ये चौल-वसईच्या इतिहासावर पुस्तक लिहिले, आणि त्यात असे लेख उतरवून घेतले. आज त्या फरशांवरची अक्षरे हजारो पायांनी झिजवली आहेत.

हेच सुरतेतही झाले. एकोणिसाव्या शतकात बेलासिस नावाच्या मुंबई सरकारच्या अधिकाऱ्याने इथल्या कबरींचे लेख उतरवले, म्हणून पुष्कळसे आपल्यापर्यंत आले. आता या दफनभूमी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, पण अनेक कबरींच्या संगमरवरी पाट्या त्याआधीच गेल्या; भिंतीत चौकोनी खाच तेवढी उरते. पाटी गेली की घुमट मुका. म्हणून आपल्या गावात जुनी दफनभूमी असेल, मग ती मिशनऱ्यांची असो, छावणीतल्या गोऱ्या सैनिकांची असो की कोकणातल्या बेने इस्राएलांची, तर तिथली अक्षरे आजच उतरवून घ्यावीत. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दुपारी न दिसणारे अक्षरही उठून दिसते. फोटो त्या वेळी काढावा. खडू घासू नये, ॲसिड तर नकोच. ओळी जशा तुटल्या आहेत तशाच लिहाव्यात, चुका सुधारू नयेत, आणि शेजारची कबर कोणाची हेही टिपावे, कारण नातेवाईक पुष्कळदा शेजारी असतात.

मुका घुमट म्हणजे काय याचा सर्वांत दुःखद दाखला जेराल्ड आँजियरचा. आज जे मुंबई शहर आहे त्याचा पाया घालणारा गव्हर्नर म्हणून आपण त्याचे नाव घेतो. न्यायालय, टांकसाळ, वेगवेगळ्या जातिधर्मांच्या व्यापाऱ्यांना दिलेली अभये, हे सारे त्याचे. 30 जून 1677 रोजी तो सुरतेत वारला. त्याची म्हणून जी कबर परंपरेने दाखवली जात आली तिच्यावर लेख नाही. ऑक्सेंडनांच्या मागे भाऊबंद होते, भाचा होता, शोक लॅटिनमध्ये लिहिणारे सोबती होते.

डचांना आपली शान दाखवायची होती. त्यांच्या दफनभूमीत हेंड्रिक आड्रियान फान रेडे याची दुहेरी घुमटाची, अष्टकोनी, खांबांच्या ओळींची भव्य कबर आहे, आणि ती इंग्रजांच्या ऑक्सेंडनवर मात करण्यासाठीच बांधली असे पूर्वीपासून सांगतात. फान रेडे डच कंपनीचा बडा अधिकारी. मलबारचा कमांडर होता, नंतर कंपनीच्या हिंदुस्थानातल्या वखारींची झडती घेणारा कमिशनर जनरल. सुरतेकडे येताना जहाजावरच डिसेंबर 1691 मध्ये तो वारला आणि जानेवारी 1692 मध्ये मोठ्या इतमामाने त्याला इथे पुरले. त्याने लग्न केले नव्हते. फ्रान्सिना नावाची मानलेली मुलगी होती. ड्राकेनस्टाइन हे त्याच्या नावाला जोडून येणारे नाव आज दक्षिण आफ्रिकेतल्या एका खोऱ्याला आहे. वंशवृक्ष इथे थांबतो.

पण त्याचे खरे स्मारक म्हणजे 'होर्तुस मलबारिकुस', मलबारातल्या वनस्पतींवरचा लॅटिन ग्रंथ, 12 खंडांचा, ॲमस्टरडॅमला 1678 ते 1693 या काळात छापलेला. शेवटचा खंड निघाला तेव्हा तो सुरतेच्या मातीत होता. या ग्रंथासाठी मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन याने माहिती दिली, आणि कोचीत राहणाऱ्या तिघा कोंकणी ब्राह्मणांनीही: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. पोर्तुगिजांच्या काळात गोवा सोडून दक्षिणेला गेलेल्या समाजातली ही माणसे. सकाळ-संध्याकाळ बसून, दोन वर्षे, महानिघंटू या ग्रंथाच्या आधाराने झाडे, वेली, त्यांची नावे आणि गुण सांगितले, असे प्रमाणपत्र त्यांनी 1675 मध्ये आपल्या कोंकणीत, नागरी अक्षरांत लिहून दिले. पहिल्या खंडात ते त्यांच्या सह्यांसह जसेच्या तसे छापले आहे. छापील नागरीच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी तो एक. ज्यांच्यात दहन होते, ज्यांच्या मागे शिळा उरत नाही, अशा तीन कुटुंबांची नावे आणि हस्ताक्षर त्या पानावर आहे, आणि गोव्याहून कोचीला गेलेल्या घराण्यांचा माग काढणाऱ्याला शोध तिथून सुरू करता येतो.